उमजपट्टीचा पिवळा दिवा

पद्मजा मगदूम यांनी जयसिंगपूरच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि जन्मभर एकच प्रश्न विचारला. धडा संपला की खडू ठेवायचा, हात झटकायचे आणि म्हणायचं, "समजलं का?" त्यावर अख्खा वर्ग एका सुरात गायचा, "होऽऽ बाई!"

त्या 'हो'मधल्या निम्म्या मुलींना काडीचं कळलेलं नसायचं. हे मुलींना ठाऊक होतं आणि बाईंनाही. पण बाईंना तोंडावर 'नाही' म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पाहुण्याला 'जेवलात का' विचारावं आणि त्यानं 'हो' म्हणावं, तसलाच हा प्रकार. त्या सुरावर बाईंनी सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर घरात सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटायचं ते त्या सुराशिवाय.

मग त्यांनी घरबसल्या पडद्यावरून शिकवायला घेतलं. विद्यार्थी आले ते थेट रशियन बोलणाऱ्या मुलखांतले. कुणी बिश्केकचा बसचालक, कुणी अल्माटीची केक करणारी. या मंडळींची इंग्रजी वाक्यं वाचताना बाईंना माहेरची माणसं भेटल्यासारखं व्हायचं. रशियनमध्येही आपल्यासारखीच इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'ची भानगड नाही, त्यामुळे चुका अगदी ओळखीच्या. फरक एकच. बाईंनी सवयीनं "समजलं का?" विचारलं की ही मंडळी दगडासारखा चेहरा करून सांगायची, "नाही." पहिल्यांदा बाईंना तो उर्मटपणा वाटला. महिनाभरानं त्याच गोष्टीचं त्यांना कौतुक वाटू लागलं.

त्यातली झिनाइदा त्यांची विशेष लाडकी. कझाकस्तानात करागंडा शहरी मुलांच्या इस्पितळात ती नर्स होती. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, नवरा वारलेला. पहिल्याच तासाला तिनं बाईंना विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"का गं?"

"आमच्यात शिक्षकाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. वडिलांचं नाव जोडतात."

बाईंचे वडील नेमगोंडा पाटील. झिनानं ते नाव दोनदा तोंडात घोळवलं आणि जाहीर केलं, "पद्मजा नेमगोंडोव्ना!"

बाई हसता हसता एकदम गप्प झाल्या. लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या नावात मधे नवऱ्याचं नाव होतं. वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटून ऐकलं त्याला किती काळ लोटला, हे त्यांना आठवेना. आणि परत जोडलं कुणी, तर करागंडाच्या झिनानं. त्या दिवसापासून झिनासाठी त्या घड्याळ न बघता शिकवू लागल्या.

आणि मग आली उमजपट्टी.

कपाळाला बांधायची ही पातळ पट्टी पुण्यातल्या एका कंपनीनं बाजारात आणली, आणि दोन-तीन वर्षांत ती घड्याळाइतकी साधी वस्तू झाली. तिच्यामागचं शास्त्र तसं जुनंच. आपण वाचतो तेव्हा मेंदू नुसता शब्दांमागून चालत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत जातो. 'मी चहात साखर घातली' हे वाचताना त्याला काही वाटत नाही. पण 'मी चहात चप्पल घातली' असं वाचलं की तो दचकतो. हे दचकणं डोक्यावर विजेची अगदी बारीक लाट होऊन उमटतं, साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत. आता ज्याला मराठी येतच नाही त्याला साखर काय नि चप्पल काय, दोन्ही सारखीच. तो दचकत नाही. थोडक्यात, जो दचकला त्याला समजलं.

पूर्वी ही लाट पकडायला प्रयोगशाळेत डोक्याला लेप लावून तारांचं जंजाळ जोडावं लागे. पट्टीनं ते काम कपाळावरच्या चार ठिपक्यांत आणलं. उताऱ्यात अधूनमधून अशा चपला पेरायच्या, वाचणारा वेळेवर दचकतो का बघायचं. दचकला तर पट्टीवर हिरवा दिवा, नाही तर पिवळा. लाल दिवा कंपनीनं ठेवलाच नव्हता, पोरं घाबरतात म्हणून. ऐकलेलं कळलं का, तेही पट्टी असंच सांगायची, कारण बोलण्यात अनपेक्षित शब्द आपसूकच येतात.

झालं. परीक्षेतले प्रश्नच गेले. उतारा वाचा, दिवा दाखवा, दाखला घ्या. घरोघरी आया हिरवा दिवा बघून पोरांना खेळायला सोडू लागल्या. एका पुढाऱ्यानं सभेत हौसेनं लोकांना पट्ट्या वाटल्या आणि भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा त्या परत गोळा करायला लावल्या. वर्गातला 'होऽऽ बाई' कायमचा बंद पडला, कारण आता विचारायचं कशाला, दिसतंच होतं.

झिनाचं घोडं इथेच पेंड खात होतं. तिची एकुलती एक मुलगी आयर्लंडात कॉर्क शहरात होती. जावई जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात. मुलीला दिवस गेले होते आणि जवळ कुणी नव्हतं. कॉर्कच्या एका इस्पितळानं झिनाला घ्यायची तयारी दाखवली, फक्त इंग्रजी वाचनाचा पट्टीचा दाखला हवा. झिना दोनदा बसली. दोन्हीदा पिवळा. तिसऱ्यांदा पिवळा लागला तर पुढची दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी.

"मला कळतं हो," झिना पडद्यावरून सांगत होती. "संपूर्ण उतारा तुम्हाला तोंडी सांगते. चहात बूट होता, भाजीत किल्ली होती, सगळं दिसलं मला."

आणि तिनं खरंच सांगितलं. एकही चप्पल सुटली नव्हती. बाईंना काही उलगडेना. मुलगी वाट बघतेय, आई लायक आहे, आणि मधे बोटभर रुंदीची पट्टी आडवी.

शेवटी बाईंनी स्वतःसाठी एक पट्टी मागवली. दुपारी जेवणं उरकल्यावर ती कपाळाला बांधून आरशासमोर उभ्या राहिल्या, तर मागून बाळगोंडा म्हणाले, "या वयात बाशिंग?"

बाळगोंडा मगदूम म्हणजे बाईंचे यजमान. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गडी एकदम मितभाषी. चालकानं गाडीची तक्रार सांगावी, यांनी "हं" म्हणावं आणि चहाला निघून जावं. नवा चालक चिडायचा. जुने सांगायचे, थांब जरा. चहा पिऊन बाळगोंडाअण्णा परत यायचे ते नेमका पाना हातात घेऊन. घरीही तीच तऱ्हा. बाई बोलायच्या आणि हे "हं" म्हणायचे. बाईंनी त्या 'हं'चा अर्थ लावायचं कधीच सोडून दिलं होतं.

बाईंनी इंग्रजी उतारा उघडला. वाचला. पिवळा.

दुसरा वाचला. पिवळा.

बाई खाटेवर बसल्या. जन्मभर ज्या भाषेवर भाकरी खाल्ली, ती आपल्याला कळत नाही म्हणतंय हे यंत्र. मराठी उतारा लावला तर दिवा एकदाचा हिरवा झाला, पण तोही चाचरत, पहिल्या वर्गातल्या पोरानं पाढा म्हणावा तसा.

"बघू मला," म्हणून बाळगोंडांनी पट्टी घेतली आणि आपल्या टकलाला बांधली. "बोल कायतरी."

बाई काहीतरी थट्टेचं बोलायला गेल्या, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "शाळा सुटल्यापासून मला करमत नाही हो. घर आहे, तुम्ही आहात, सगळं आहे. पण एखाद्या पोरीला धडा कळला की तिचं तोंड उजळायचं ना, मी त्यासाठी शाळेत जात होते. पगारासाठी नाही. आता ही तोंडं पडद्यावर बोराएवढी दिसतात. उजळली काय आणि न उजळली काय."

बोलून त्यांनी वर बघितलं. दिवा पिवळा.

"हं," बाळगोंडा म्हणाले. पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

बाईंना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. आजवर त्या 'हं'मध्ये थोडंफार तरी पोचत असेल अशी एक समजूत होती, आणि बायकांचे संसार अशा समजुतींवरच चालतात. आता पट्टीनं लेखी दिल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनी आमटीत मीठ जरा जास्तच घातलं. बाळगोंडा निमूट जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे ऋजुता पानसे नावाची तरुण अभियंता होती. बोलायला गोड आणि कामाला तत्पर.

"काकू, याच्यावर सोपा उपाय आहे. आमच्याकडे शब्दांचा मारा म्हणून सराव असतो. पडद्यावर एकेक शब्द झपाझप येतो आणि जातो. त्यानं मेंदूला लगेच दचकायची सवय लागते. पंधरवड्यात दिवा हिरवा होतो, बघा."

बाईंनी झिनाकडून तो सराव करून घ्यायला सुरुवात केली. झिना कामाची पक्की. ड्यूटीवरून आली की बसायची. आणि ऋजुता म्हणाली तसंच झालं, दिवा हिरवा होऊ लागला. आधी एखाददुसऱ्या उताऱ्याला, मग बहुतेक सगळ्यांना. झिनानं पडद्यापलीकडे खुर्चीवरून उठून एक गिरकी घेतली. बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

पण बाई पडल्या जुन्या वळणाच्या. त्यांचं समाधान दिव्यानं होईना. त्यांनी एका औषधाच्या बाटलीवरची सूचना उतारा म्हणून दिली. मुलाला ताप असेल तर हे औषध दिवसातून तीनदा एक चमचा द्यावं, मात्र बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर देऊ नये. झिनानं वाचलं. हिरवा.

"आता मला सांग," बाई म्हणाल्या, "इस्पितळात दोन महिन्यांचं बाळ आलंय. तापलंय. काय करशील?"

"एक चमचा. तीनदा," झिना झटक्यात म्हणाली.

झिनाच्या हळूहळू ध्यानात आलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"हे मी पूर्वी कधी चुकले नसते," ती म्हणाली.

"नसतीस," बाई म्हणाल्या. त्यांनी पडदा बंद केला, पण त्या तिथेच बसून राहिल्या. पुढे काय करावं हे त्यांना खरंच सुचत नव्हतं. एकीकडे मारा करून हिरवा झालेला दिवा, कॉर्क आणि मुलीचं बाळंतपण. दुसरीकडे ते दोन महिन्यांचं बाळ, जे अजून कुठे जन्मालाही आलं नव्हतं, पण कधीतरी झिनाच्या हातात येणार होतं.

त्या आठवड्यात परसातल्या पत्र्याच्या शेडमधून धाडधाड आवाज यायला लागले. या शेडमध्ये एक बंद स्कूटर, सायकलींचे सांगाडे आणि बाळगोंडांनी 'असू दे, लागंल' म्हणून जमवलेला सगळा संसार होता. बाईंनी खिडकीतून बघितलं तर सगळं बाहेर अंगणात काढलेलं, आणि बाळगोंडा भिंतीला चुना लावत होते.

"हे काय नवीन?" बाईंनी विचारलं.

"हं," बाळगोंडा म्हणाले.

दोन दिवसांनी टेम्पो आला. त्यातून एक भला थोरला पडदा उतरला. हा पडदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या मंगल कार्यालयातला होता. जेवणाच्या पंगतीला बसलेल्यांना आतलं लग्न दिसावं म्हणून लावलेला. अर्धा बंदच होता. बाळगोंडांनी तो अंगणात पालथा घालून, मागचं झाकण उघडून, तारा सोलून जोडून चालू केला आणि शेडच्या भिंतीवर ठोकला. पडद्यासमोर डेपोतून आणलेलं जुनं बाकडं मांडलं.

"अहो, पण कशाला हा खटाटोप?"

बाळगोंडांनी हात पुसले. "तूच म्हणालीस की. तोंडं बोराएवढी दिसतात म्हणून."

"ते मी कधी म्हणाले? पट्टी बांधली होतीत तेव्हा? तेव्हा तर दिवा पिवळा होता तुमचा."

"असंल की. मला कुठं लगेच कळतंय? चहा घेताना जरा कळलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आणि रडू एकदम आलं की माणूस दुसरं काय करणार. बाळगोंडा घाबरून म्हणाले, "काय चुकलं काय माझं?"

"काही नाही चुकलं," बाई म्हणाल्या आणि एकाएकी उठल्या. "थांबा. थांबा जरा."

त्या घरात गेल्या आणि त्यांनी टॅबलेट उघडला. आजवर त्यांनी फक्त दिव्याकडे बघितलं होतं. पण पट्टी मेंदूच्या लाटांची सबंध रेघ साठवून ठेवायची. ती बघायची कुणाला गरजच पडत नव्हती. झिनाच्या मागच्या परीक्षेची रेघ निकालासोबत आली होती, ती बाईंनी काढली. चहातल्या 'बूट' शब्दापाशी पाणी निवांत होतं. शब्दानंतर अर्धा सेकंद, काही नाही. तिथे पट्टीनं निकाल देऊन दार लावून घेतलं होतं. पण बाईंनी रेघ पुढे सरकवली, आणि वाक्य संपलं तिथे, अगदी पूर्णविरामापाशी, लाट उभी होती. चांगली ऐटबाज, टपोरी लाट. पुढच्या वाक्याला तसंच. त्यापुढच्यालाही.

मग त्यांनी स्वतःची रेघ काढली. तिथेही लाट पूर्णविरामावर.

आता बाईंना यात आपला हात दिसला. कारण हे शिकवलं होतं त्यांनीच. वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'पूर्णविरामापर्यंत धीर धरा.' मराठीत माणूस आला की नाही आला, हे शेवटच्या शब्दावर ठरतं. 'वऱ्हाड जेवायला बसलं' इथवर वाचून पानं वाढायला घेतलीत आणि पुढे 'नाही' निघालं तर फजिती. म्हणून मधेच अर्थ लावायचा नाही, सगळं वाक्य हातात येऊ द्यायचं. मराठी वाचायची ही शहाणी सवय बाईंनी इंग्रजीलाही लावली, आपल्या मुलींना लावली, आणि तीच झिनाला. झिना पडली आज्ञाधारक. तिनं मेंदूला सुद्धा धीर धरायला शिकवलं.

बाईंनी ऋजुताला रेघा पाठवल्या. ती मुलगी हुशार होती, तिनं लगेच आडवा प्रश्न टाकला. "काकू, पण ही उशिरा आलेली लाट समजल्याचीच कशावरून? वाक्य संपलं की मेंदू सुटकेचा श्वास टाकतो, त्याचीही असेल."

प्रश्न बरोबर होता. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग जोड्या तयार केल्या. एक वाक्य साखरेचं, तेच वाक्य चपलेचं. बाकी शब्द तेच, लांबी तीच. लाट नुसती सुटकेची असेल तर दोन्हीकडे सारखी यायला हवी. समजल्याची असेल तर साखरेला लहान आणि चपलेला मोठी. झिनाला मारा सोडून जुन्या धिम्या सवयीनं वाचायला बसवलं, स्वतः बसल्या, बिश्केकच्या बसचालकालाही बसवलं. बाळगोंडांना मराठी वाक्यं दिली. 'तिनं चहात चप्पल घातली' हे वाचून ते चहा टाकायला आत गेले. मग त्यांनी विचारलं, "कुणाची?"

साखरेला लाट लहान, चपलेला मोठी. सगळ्यांची. फक्त उशिरा.

ऋजुतानं ते पाहिलं आणि प्रामाणिकपणे कबूल केलं. "काकू, पट्टीची खिडकी, म्हणजे लाटेची वाट बघायची वेळ, आम्ही कॉलेजच्या मुलांवर बसवली होती. पडद्यावर वाचून वाढलेली मुलं. त्यांच्यापलीकडे कुणी असेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही."

खिडकी जास्त वेळ उघडी ठेवायची सोय करता येत होती. पण परीक्षा घेणाऱ्यांची परवानगी लागणार, त्यात वेळ जाणार. शिवाय त्यांनी एक अट घातली. उघडी खिडकी हवी असेल तर जोडीला जुन्या पद्धतीचे प्रश्न, तोंडी, समोर बसून. दोन्हीत पास व्हायला हवं.

बाईंनी झिनापुढे सगळं मांडलं. शेडमधल्या मोठ्या पडद्यावर झिना आता खऱ्या माणसाएवढी दिसत होती. तिच्या गळ्यातली साखळी, कपाळावरची आठी, सगळं.

"शब्दांचा मारा चालू ठेवलास तर पुढच्या महिन्यात पास होशील," बाई म्हणाल्या. "तुझ्या मुलीच्या बाळंतपणाला पोचशील. हा दुसरा रस्ता धरलास तर उशीर होईल, आणि पास होशील याची मी खात्री देत नाही. नापास झालीस तर दोन वर्षं. मी काही सांगणार नाही, झिना. तुझी मुलगी आहे."

झिना गळ्यातली साखळी बोटाला गुंडाळू लागली. बाईंनीही घाई केली नाही. त्यांना आता थांबायची सवय लागली होती.

"पद्मजा नेमगोंडोव्ना," झिना शेवटी म्हणाली, "मला मुलीकडे जायचंय. रोज रात्री तिचा आवाज ऐकून झोपते मी. पण तिथे जाऊन मी पोरांना औषध पाजणार आहे. त्या पोरांनाही आया आहेत."

"मग?"

"मग धीर धरू. पूर्णविरामापर्यंत."

परवानगी यायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. मधे कॉर्कहून निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. झिनानं फोटो दाखवला आणि तासभर शिकण्याऐवजी नुसतीच बसून राहिली. बाईंनी त्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक उघडलंच नाही. शेडमधून घरात आल्यावर त्या बाळगोंडांना म्हणाल्या, "मी तिला आईपासून तोडलं की काय हो? म्हणजे लेकीला आईपासून?" बाळगोंडा "हं" म्हणाले. बाई उत्तराची वाट बघत बसल्या नाहीत, पण जेवणं झाल्यावर ते ताट उचलता उचलता म्हणाले, "बाळंतपण चार दिवसांचं असतंय. आजी जन्माची असती." बाईंना त्या रात्री बरी झोप लागली.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून बाईंचं कशात लक्ष नव्हतं. दोनदा चहा उतू गेला. दुपारी शेडमधल्या पडद्यावर झिना उगवली, तेव्हा तिच्या कपाळावर पट्टी तशीच होती, काढायचं विसरली होती. तिनं तोंड उघडायच्या आतच बाईंना कळलं. तोंड उजळलं होतं. मंगल कार्यालयाच्या त्या पडद्यानं आजवर कितीतरी नवऱ्या दाखवल्या असतील, पण इतकं उजळलेलं तोंड त्यानं दाखवलं नसेल.

"खिडकीत हिरवा," झिना म्हणाली. "आणि सगळे प्रश्न बरोबर. त्यांनी औषधाचाच उतारा दिला होता, पद्मजा नेमगोंडोव्ना. मी शेवटपर्यंत वाचला."

बाईंनी नुसतेच हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर ऋजुताच्या कंपनीनं खिडकी सगळ्यांसाठीच लांबवली. पेपरात चार ओळी आल्या. त्यात बाईंचं नाव चुकून 'पद्मजा नेमगोंडा मगदूम' असं छापून आलं, कारण झिनानं आपल्या अर्जात तसंच लिहिलं होतं. बाईंनी ती चूक दुरुस्त करायला सांगितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी झिना कॉर्कहून पडद्यावर आली. मांडीवर नात, बाळसेदार, झिनाचा चष्मा ओढणारी. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि इकडे ऊन कललेलं. बाकड्यावर बाईंच्या शेजारी बाळगोंडाही येऊन बसले होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे गियर, क्लच आणि गॅस्केट, पण ते हल्ली कौतुकानं येऊन बसायचे.

झिनानं त्यांच्याकडे बोट केलं आणि त्यांना कळावं म्हणून अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, "माझा व्हिक्टर पण असाच होता. मी तीस वर्षं बोलले. तो तीस वर्षं 'हं' म्हणाला. मला वाटायचं, किती समजूतदार नवरा. मग डॉक्टरनं त्याचा कान तपासला. माझ्या बाजूचा कान ठार बहिरा."

बाई पोट धरून हसल्या. बाळगोंडा म्हणाले, "हं." नातीला भूक लागली, झिना उठली, पडदा बंद झाला. बाई चूल बघायला आत गेल्या.

कांदा चिरून झाला, फोडणी पडली, आमटीला उकळी आली. बाळगोंडा परसात कढीलिंबाला पाणी घालत होते. आणि एकाएकी बाहेर मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. एकटेच हसत होते, हातातली पाइप हलत होती आणि पाणी झाड सोडून भिंतीवर उडत होतं.

बाई पळी हातात घेऊन तशाच थांबल्या. आणखी काहीतरी येणार हे त्यांना आता ठाऊक होतं.

हसणं थांबलं. पाणी परत झाडावर पडू लागलं. मग बाळगोंडांचा आवाज आला, "अगं ए, मला दोन्ही कानांनी ऐकू येतंय बरं का."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमटीत बेतानं मीठ घातलं.